'केज्ड ग्लुटामेट'ला मराठीत काय म्हणावं?

काजवा: मेंदूच्या कापांवरील प्रयोगांची कार्यपद्धती मराठीत आणतोय. त्यात 'केज्ड ग्लुटामेट' येतं, म्हणजे प्रकाश पडेपर्यंत निष्क्रिय ठेवलेलं ग्लुटामेट (चेतापेशींमधला संदेशवाहक रेणू). 'पिंजराबंद ग्लुटामेट' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी त्याचं 'प्रकाशनियंत्रित' केलं. पुढच्याच प्रकरणात अझोबेन्झीन (प्रकाशानं आकार बदलणारा रेणू) येतं, तेही प्रकाशनियंत्रितच. मग फरक कसा कळणार?

तिरकमान: पिंजरा मुळात नाहीच. १९७८ साली एटीपीसाठी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू) 'केज्ड' शब्द वापरला, तेव्हाही रेणूभोवती काही गुंडाळलेलं नव्हतं. एमएनआय-ग्लुटामेट या केज्ड प्रकारात एका कार्बॉक्सिलवर (रेणूच्या आम्लगटावर) नायट्रोइंडोलिनचा गट चिकटवलेला असतो. तेवढ्यानं रेणू ग्राहीत (रिसेप्टर, पेशीवरचं त्याला पकडणारं प्रथिन) बसत नाही. ३६५ नॅनोमीटरचा झोत, किंवा दोन-फोटॉन पद्धतीत (रेणू दोन प्रकाशकण एकदम शोषतो ती) ७२० नॅनोमीटरचा साधारण १ मिलिसेकंदाचा, पडला की बंध तुटतो. पुन्हा जुळत नाही. म्हणून 'सीलबंद'.

शब्दवेडी: सील इंग्रजी की हो! 'मोहोरबंद' म्हणा.

तिरकमान: मोहोर तरी कुठे आपली? फारसीच ती.

अणुरेणू: अझोबेन्झीनला 'प्रकाशखटका' द्या, फरक आपोआप दिसेल. ग्राहीत हव्या त्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल घालतात, मॅलिइमाइडनं (सिस्टीनला चिकटणारा गट) त्यावर अझोबेन्झीन बांधतात, दुसऱ्या टोकाला ग्लुटामेट. ३८० नॅनोमीटरला रेणू वाकतो, टोक ग्राहीच्या खाचेत बसतं, त्यातली आयनवाहिनी उघडते. ५०० ला बंद. अंधार केला तरी उघडी वाहिनी लगेच मिटत नाही, हिरवा झोत द्यावाच लागतो. सीलला हे जमत नाही.

शब्दवेडी: 'ग्राही' छानच, आपलं 'गिऱ्हाईक'सुद्धा 'ग्राहक'मधूनच आलंय! ग्लुटामेट आलं की गिऱ्हाईक खूश.

तिरकमान: काजवा, शब्दापेक्षा तळटीप महत्त्वाची. मिलिमोलर मात्रेत एमएनआय-ग्लुटामेट गाबा-ए ग्राहीही (चेतापेशींना शांत करणारे) अडवतं. काप अतिउत्तेजित होतो आणि दोष प्रकाशाच्या माथी येतो. झोत न देता फक्त संयुग आणि संयुग न घालता फक्त झोत, दोन्ही चाचण्या लिहाच. साठ्याच्या द्रावणात सुटं ग्लुटामेट मिसळलं असेल, तर एनएमडीए ग्राही (ग्लुटामेटच्या ग्राहींचा एक प्रकार) आधीच मरगळतात. हाताळणी पिवळ्या मंद दिव्यात.

अणुरेणू: मॅलिइमाइड पाण्यात टिकत नाही. साठा कोरड्या डीएमएसओत (एक द्रावक) ठेवायचा, ऐन वेळी पातळ करायचा. न बांधलेलं नीट धुऊन टाकायचं, नाहीतर सुट्या रेणूंची टोकं इतर ग्राहींनाही डिवचतात.

काजवा: बरं, 'सीलबंद' आणि 'प्रकाशखटका'. मग 'अनकेजिंग' म्हणजे सील तोडणे?

शब्दवेडी: 'मोचन'!

तिरकमान: ऋणमोचन, पापमोचन ऐकलंय. ग्लुटामेटनं काय पाप केलं?