सायकलने केलेलं स्थलांतर: तंबूचं भाडं करातून वजा करायचं का?

चाकोरीबाहेर: २०२४ च्या उन्हाळ्यात नोकरी बदलली आणि पोर्टलंडहून सॅन होजेला आलो. सामान मूव्हर्सच्या ट्रकमधून, मी सायकलवर. हायवे १०१ धरून किनाऱ्याकिनाऱ्याने. १५ रात्री तंबूत, त्यातल्या दोन क्रेसेंट सिटीला, सगळं भाडं १३२ डॉलर. फेडरल करात स्थलांतराच्या खर्चाची वजावट २०१८ पासून फौजेतल्यांपुरतीच उरली, पण कॅलिफोर्निया देतं (फॉर्म ३९१३). मूव्हर्सचं बिल लावणारच आहे. तंबूचे १३२ पण माझ्या मते हक्काचे.

पै-पै: अजिबात नाहीत. आयआरएसची, म्हणजे फेडरल करखात्याची, ५२१ नंबरची जुनी पुस्तिका काढून बघा, कॅलिफोर्निया तेच नियम धरतं. रूढ वाहनाने, जवळच्या, सरळ रस्त्याने जो खर्च होतो तेवढाच चालतो. तुम्ही आय-५ चा सरळ हायवे सोडून समुद्र बघत आलात, याला मराठीत सहल म्हणतात. उद्या कोणी पायी येईल आणि दोन महिन्यांचा मुक्काम लावेल.

अर्धा_सीए: पै-पै, ती अट खर्चाला कात्री लावण्यासाठी आहे हो, वाहन ठरवायला नाही. हे गाडीने आले असते तर साडेसहाशे मैल, २०२४ च्या सरकारी दराने मैलाला २१ सेंट, झाले १३६. वर एका रात्रीचं मोटेल. यांनी कमीच मागितलेत!

पै-पै: मैलाचा दर मोटारीला आहे, तंगड्यांना नाही. गाडीचा खर्च केलाच नाही म्हणून तो लावता येत नाही, आणि जो केला तो सरळ रस्त्याचा नाही. दोन्हीकडून अडकलेत.

चाकोरीबाहेर: जेवणखाण धरलेलंच नाही, ते गाडीने आलो असतो तरी चाललं नसतं. लेगेटच्या चढावर खाल्लेली सहा केळीसुद्धा माझ्याच खिशातून.

मुपो_फ्रीमॉन्ट: कायदा राहू दे, हिशेब बघा. कॅलिफोर्नियाच्या ९.३ टक्के कराच्या पट्टीत असाल तरी वाचणार बारा डॉलर. त्यासाठी मूव्हर्सच्या चांगल्या बिलाकडे कशाला कोणाची नजर वळवता? आणि क्रेसेंट सिटीला दोन रात्री कशाला?

चाकोरीबाहेर: रेडवुडची झाडं बघायला, खोटं कशाला बोलू. ती दुसरी रात्र काढतो, दहा डॉलर. बाकी रात्री अंधार पडला म्हणून थांबलो, मजा म्हणून नाही. १२२ लावणार. पावत्या आहेत, दोन पावसात भिजल्यात.

पै-पै: त्यांचे फोटो काढून ठेवा. मत तेच आहे माझं.