दिवसभर टेबलाशी बसूनही मुख्य काम पुढे सरकत नाही. यावर आपण काय केलेत?

ताळेबंद

नमस्कार. मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. माझ्या कामाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. बिले तपासणे, ई-मेलना उत्तरे देणे, मंजुरीसाठी कागद पुढे पाठवणे हा पहिला भाग. तो दिवसातून दहा वेळा तुटला तरी फारसे बिघडत नाही. दुसरा भाग खात्यांच्या जुळणीचा आणि तिमाही अहवालाचा आहे. न जुळणारी एखादी रक्कम कुठून आली याचा माग काढत चार-पाच तक्त्यांमधून मागे जावे लागते, वाटेतल्या साऱ्या नोंदी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि नेमके त्याच वेळी कोणी ‘एकच मिनिट’ म्हणत टेबलाशी येऊन उभे राहिले, की बेरजेतला हातचा विसरावा तसा सगळा माग निसटतो.

आमच्या कार्यालयात मध्ये भिंती नाहीत आणि शेजारच्या विभागातील मंडळी दिवसभर फोनवर बोलत असतात. मी हेडफोन लावून पाहिले, मोबाइल खणात ठेवून पाहिला, पंचवीस मिनिटांचा गजर लावूनही पाहिला. प्रत्येक उपाय आठवडाभर चालला आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, कार्यालय पूर्ण रिकामे असताना, मुद्दाम जाऊन बसलो. त्या दिवशी जे लक्षात आले ते अधिक अस्वस्थ करणारे होते: त्रास द्यायला कोणीही नसताना मी स्वतःच दर काही मिनिटांनी ई-मेल उघडून पाहत होतो.

ज्यांनी असे बारकाईचे काम गजबजलेल्या जागेत वर्षानुवर्षे केले आहे, त्यांनी नेमके काय टिकवले आणि काय सोडून दिले, हे मला जाणून घ्यायचे आहे. ‘मनावर ताबा ठेवा’ हा सल्ला मी स्वतःला पुरेसा देऊन झालो आहे.

मुद्रितशोधक

माझा व्यवसाय नावातच आहे. बावीस वर्षे मुद्रिते तपासताना माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की, व्यत्यय थांबवण्यावर आपण जेवढी शक्ती खर्च करतो, त्याच्या निम्मीसुद्धा कामाकडे परतण्याच्या तयारीवर करत नाही. हाक आली की मान वर होणारच. प्रश्न आहे तो मान खाली घातल्यावर नेमके कुठे पाहायचे हे आपल्याला ठाऊक आहे का, याचा.

व्यत्यय लहान आहे म्हणून तो निरुपद्रवी असतो, या समजात राहू नये. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सुमारे ३०० जणांना ठरावीक क्रमाने पायऱ्या पूर्ण करायचे काम दिले होते आणि मध्येच त्यांच्याकडून दोन-चार अक्षरे टंकून घेतली जात होती. सरासरी २.८ सेकंदांच्या अशा व्यत्ययाने क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या आणि ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाने तिप्पट झाल्या. तीन सेकंदांत माणूस धड जांभईही देत नाही. तेव्हा आपला माग निसटतो यात आपल्या स्वभावाचा दोष शोधत बसू नका; क्रम डोक्यात धरून करायच्या कोणत्याही कामाचे हेच होते.

मी काय करतो ते सांगतो. कोणी समोर येऊन उभे राहिले, की त्यांच्याकडे पाहण्याआधी ‘एक क्षण थांबा’ म्हणतो आणि शेजारच्या कागदावर एक ओळ खरडतो. तिच्यात मी काय करत होतो हे नसते, पुढे काय करायचे आहे हे असते. ‘पान ४१, दुसरा परिच्छेद’ एवढी नोंद पुरत नाही, कारण परतल्यावर त्या परिच्छेदात आपण काय शोधत होतो तेच आठवत नाही. ‘पान ४१, हे नाव मागे पान १२ वर ऱ्हस्व होते का ते पाहणे’ अशी नोंद केली तर हात आपोआप पुढच्या हालचालीकडे जातो. आपल्या बाबतीत ‘या रकमेतून परतावा वजा केला आहे, आता मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक पाहणे’ असे काहीतरी होईल.

या साध्या टाचणामागे शास्त्र आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे थोडे लक्ष पहिल्या कामातच अडकून राहते आणि दुसरेही काम त्यामुळे कच्चे होते. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने असेही मांडले की, उठण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचे आहे हे थोडक्यात लिहून ठेवले, तर हे अडकणे कमी होते. म्हणजे टाचणाचा लाभ समोर आलेल्या माणसालाही होतो, कारण मग आपण त्याचे बोलणे खरोखर ऐकतो.

तळटीप

मुद्रितशोधक यांच्याशी मी सहमत आहे; पण ताळेबंद यांच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ रिकाम्या कार्यालयाविषयीची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयातील माणसांच्या मागे अक्षरशः घड्याळ घेऊन बसून निरीक्षणे केली आहेत. त्यांत एक गोष्ट वारंवार आढळली: कामात पडणाऱ्या खंडांपैकी जवळपास निम्मे खंड माणूस स्वतःच पाडतो. त्यांच्याच मोजणीनुसार एका पडद्यावर लक्ष टिकण्याचा सरासरी काळ २००४ च्या सुमारास अडीच मिनिटे होता, तो अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांवर आला आहे. बाहेरून येणाऱ्या व्यत्ययांची सवय लागली, की ते थांबल्यावर त्यांची जागा आपणच भरून काढतो. रिकाम्या कार्यालयात आपण ई-मेल उघडत होतात ते यामुळेच, असे मला वाटते.

जाता जाता एका लोकप्रिय आकड्याविषयी लिहितो. ‘एका व्यत्ययानंतर मेंदूला सावरायला तेवीस मिनिटे लागतात’ असे वाक्य आपण अनेक ठिकाणी वाचले असेल. मार्क यांचे मूळ निरीक्षण मात्र वेगळे आहे. सोडलेल्या कामाकडे माणूस साधारण तेवीस ते पंचवीस मिनिटांनी परतला, आणि दरम्यान त्याने सरासरी दोन इतर कामे हाती घेतली, असे ते निरीक्षण आहे. मेंदू तेवढा वेळ बधिर नव्हता. माणूस वाट वाकडी करून भलतीकडे गेला होता. हा फरक मी एवढा ताणून धरतो, कारण पहिला अर्थ घेतला तर हातावर हात ठेवून बसण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि दुसरा अर्थ घेतला तर थेट परत येणे आपल्या हातात आहे हे दिसते.

ई-मेलसाठी मी वेळा ठरवून घेतल्या. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या दोन संशोधकांचा १२४ जणांवरचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला त्यासाठी उपयोगी पडला. त्यात लोकांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल पाहायचे आणि दुसरा आठवडा हवे तितक्या वेळा पाहायचे, असे ठरले होते. तीनदाच्या आठवड्यात त्यांच्या मनावरचा ताण कमी भरला. अर्थात ज्यांच्या कामाचे स्वरूपच तातडीच्या उत्तरांचे आहे त्यांना हे जमणार नाही, आणि त्यांनी त्याबद्दल स्वतःला बोल लावू नये. मोबाइल खणात ठेवलात हे ठीक, पण तो मूक करून ठेवला होता ना? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात २०१५ मध्ये असे दिसले की, फोन हातात न घेताही नुसत्या नोटिफिकेशनच्या आवाजाने किंवा थरथरीने लक्ष लागणाऱ्या कामात चुका वाढतात. लाकडी खणात थरथरणारा फोन टेबलावरच्या फोनपेक्षा मोठ्याने बोलतो.

ताळेबंद

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. फोन थरथरत होता, हे कबूल करतो. एक अडचण मात्र उरते. टाचण लिहून ठेवता येईल, ई-मेलच्या वेळाही ठरवता येतील. पण शेजारच्या विभागाच्या बोलण्याचे काय करावे? आणि वरिष्ठांनी हाक मारली तर ‘एक क्षण थांबा’ कसे म्हणावे?

जुना विभागप्रमुख

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण मी स्वतः तो हाक मारणारा वरिष्ठ होतो. मला काही आठवले की मी उठून संबंधित माणसाच्या टेबलाशी जात असे आणि याला मी मनमिळाऊपणा समजत असे. माझ्या एका सहकारी बाईंनी एकदा महिनाअखेरीला मला एक कागद दाखवला. त्यावर मी त्या दिवशी किती वेळा आणि कशासाठी आलो होतो याची नोंद होती. अकरा नोंदी होत्या आणि त्यांपैकी नऊ गोष्टी दुसऱ्या दिवशी विचारल्या असत्या तरी काहीही अडले नसते. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही उच्चारला नाही. नंतर आम्ही ठरवले की, सकाळचे पहिले दोन तास जुळणी करणाऱ्यांना कोणी विचारायचे नाही, आणि माझे प्रश्न मी एका वहीत साठवून अकरा वाजता एकदमच विचारायचे. पहिल्याच आठवड्यात वहीतले निम्मे प्रश्न अकरा वाजेपर्यंत आपोआप सुटलेले असत.

तेव्हा वरिष्ठांना ‘मला त्रास होतो’ असे सांगू नका. ‘अहवालाची जुळणी अमुक वेळेत अखंड करू द्या, बाकी वेळ मी उपलब्ध आहे’ असे ठोस मागा. विमानाच्या चालककक्षात दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलायचे नाही, असा नियम अमेरिकेत १९८१ पासून आहे. वैमानिकांचे मन चंचल असते म्हणून तो केलेला नाही. कामाचे काही टप्पेच असे असतात की तिथे बोलणे परवडत नाही. आपली जुळणी हा तसा टप्पा आहे, एवढेच वरिष्ठांना पटवायचे आहे.

आता आवाजाविषयी. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी की, ते आवाज किती मोठा आहे हे पाहतात. आकडे क्रमाने लक्षात ठेवायच्या कामात आड येते ते मानवी बोलणे, मग ते हळू असो वा मोठे. १९७६ साली झालेल्या एका प्रयोगात ऐकणाऱ्यांना न समजणाऱ्या परक्या भाषेतील मजकूर कानावर पडत असतानाही त्यांची क्रम लक्षात ठेवण्याची क्षमता घटली होती. याउलट पंख्यासारखा एकसुरी आवाज फारसा त्रास देत नाही. आपण हेडफोनवर गाणी ऐकत असाल, तर आपण शेजाऱ्यांचे बोलणे बंद करून गायकाचे बोलणे सुरू केले आहे. शब्द नसलेले संगीत त्याहून बरे. पावसासारखा सपाट आवाज त्याहूनही बरा. जुळणीपुरते एखाद्या रिकाम्या मीटिंगच्या खोलीत जाता आले तर सर्वांत उत्तम.

भिंती पाडल्याने माणसे एकमेकांशी अधिक बोलू लागतात, या कल्पनेवर माझाही विश्वास होता. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालये खुल्या रचनेची होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर मोजमाप केले, तेव्हा समोरासमोरचा संवाद सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला होता आणि ई-मेल वाढले होते. माणसे हेडफोन लावून बसली, दुसरे काय होणार?

गजरवाला

पंचवीस मिनिटांच्या गजराला सर्वांनीच बाजूला सारले आहे, म्हणून त्याच्या बाजूने थोडे लिहितो. गजर वाजेपर्यंत एकच काम करायचे आणि मग थोडी विश्रांती घ्यायची, ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावर बेतली. पंचवीस या आकड्यात पवित्र काही नाही. बिलांसारख्या कंटाळवाण्या कामाला तो मला योग्य वाटतो, कारण तिथे अडचण सुरुवात करण्याची असते. जुळणीसारख्या कामात मात्र माग लागलेला असताना गजर वाजणे हा आपण स्वतःच पैसे मोजून आणलेला व्यत्यय ठरतो. तिथे मी वेळेऐवजी टप्पा ठरवतो: हे एक खाते जुळेपर्यंत उठायचे नाही, आणि जुळले की लगेच उठायचे, मग दहा मिनिटे झाली असोत वा पन्नास. फारच लांबले तर मात्र अर्धवटच उठतो, कारण थकलेल्या डोळ्यांना समोरची चूक दिसत नाही.

ताळेबंद

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. वरिष्ठांशी बोललो, दोन तास मागितले होते, दीड तास मिळाला, आणि तोही आठवड्यातून तीनच दिवस. गाणी बंद करून पावसाचा आवाज लावला. पहिले दोन दिवस सारखी तहान लागत होती, आता सवय झाली आहे. टाचणाची युक्ती सर्वाधिक लागू पडली आहे, आणि तिचा एक अनपेक्षित उपयोग झाला: ई-मेल उघडण्याची इच्छा झाली की तेव्हाही मी आधी पुढची पायरी लिहितो, आणि ती लिहून होईपर्यंत बहुतेक वेळा तीच करायला घेतलेली असते. सगळ्या वेळी नव्हे. काल दुपारी चार वेळा ई-मेल उघडला आणि चारही वेळा त्यात काही नव्हते.

मुद्रितशोधक यांना एक विचारायचे राहिले: ही टाचणे आपण काम संपल्यावर फाडून टाकता की ठेवता? माझ्याकडे तीन आठवड्यांची चळत साचली आहे.

मुद्रितशोधक

संध्याकाळी फाडतो, फक्त शेवटचे ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ई-मेलच्या आधी तेच समोर दिसले पाहिजे, म्हणून ते कळफलकावर ठेवून घरी जातो.