उम्मे ऐमन यांच्यावर २५ मिनिटांचं व्याख्यान: कुठून सुरुवात करावी, काय टाळावं?

शाईदौत
आमच्या ग्रंथालयात ‘इतिहासातल्या दूधआया’ ही मालिका चालू आहे. धाराऊ झाल्या. पुढच्या महिन्यात इस्लामच्या आरंभकाळातली, परक्याच्या लेकराला पोटच्यासारखं वाढवणारी आई घ्यायची आहे. वेळ २५ मिनिटं, नंतर १० मिनिटं प्रश्नांना. श्रोते सर्व धर्मांचे, बहुतेकांना अरबस्तानचा इतिहास नवा. हलीमा सादिया घ्याव्यात की उम्मे ऐमन? कुठले प्रसंग भक्कम आहेत? पडद्यावर काय दाखवावं?

तळटीप
उम्मे ऐमन घ्या. पण मालिकेचं नाव त्यांना बसत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यांनी पैगंबर मुहम्मदांना दूध पाजल्याचं कुठे येत नाही. त्यांनी सांभाळलं, वाढवलं. अरबीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: पाजणारी ती ‘मुर्दिआ’, सांभाळणारी ती ‘हाजिना’. व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘पालनकर्ती आई’ छापा.

बहुतेक वक्ते गडबडतात ते चार बायकांची सरमिसळ करून. सुवैबा या पैगंबरांचे काका अबू लहब यांच्या दासी. त्यांनी सुरुवातीचे थोडे दिवस पाजलं. त्यांनीच हमजांनाही पाजलं होतं, म्हणून काका-पुतणे दूधभाऊ झाले. हलीमा या हवाजिनपैकी बनू साद कबिल्याच्या. त्यांनी दोन वर्षं पाजलं, दूध तोडल्यावर पोराला मक्केत परत आणलं आणि आईला विनवून पुन्हा वाळवंटात नेलं. फातिमा बिंत असद या काकी, अलींच्या आई. आजोबा गेले तेव्हा मुलगा ८ वर्षांचा होता. तो त्यांच्या घरी आला. या तिघींचा सहवास आयुष्याच्या एकेका टप्प्यापुरता. उम्मे ऐमन मात्र जन्मापासून पैगंबरांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ६३२ पर्यंत सोबत आहेत. ६० वर्षांचा हा धागा २५ मिनिटांत नीट मांडता येतो.

गारगोटी
तळटीप यांच्याशी सहमत. आता प्रसंग.

पायाला ‘सहीह मुस्लिम’ या हदीस-संग्रहातला (हदीस म्हणजे पैगंबरांविषयीच्या नोंदी) जुने अभ्यासक इब्न शिहाब यांचा छोटा परिच्छेद ठेवा. वाचायला मिनिटभर लागत नाही आणि जीवनपट त्यात आहे: हबश (इथिओपियाकडच्या) देशातल्या, पैगंबरांचे वडील अब्दुल्ला यांच्या दासी, अब्दुल्लांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला वाढवलं, पुढे त्याच मुलानं त्यांना मुक्त केलं, आपले मानलेले पुत्र जैद बिन हारिसा यांच्याशी लग्न लावलं. या सांगाड्यात जे बसत नाही ते दोनदा तपासा.

सुरुवात वारशाच्या यादीपासून करा. जुने चरित्रकार इब्न साद यांच्या नोंदीनुसार अब्दुल्लांनी मागे काय ठेवलं? पाच उंट, मेंढ्यांचा एक कळप आणि बरका नावाची एक मुलगी. हेच उम्मे ऐमन यांचं मूळ नाव, आपल्या ‘बरकत’च्याच धातूचं. जनावरांच्या रांगेत जिची मोजदाद झाली तिला तो वारस पुढे ‘आई’ म्हणून हाक मारतो, ‘माझ्या घरच्यांपैकी एवढीच उरली’ असं म्हणतो. हे एवढं सांगितलं की श्रोते तुमच्या हाती आले.

दुसरा प्रसंग अबवाचा. यसरिबहून (पुढची मदिना) मक्केला परतताना पैगंबरांच्या आई आमिना अबवा इथे वारल्या. मुलगा ६ वर्षांचा. पोरक्या लेकराला घेऊन उरलेली वाट बरका चालल्या आणि त्याला आजोबांच्या स्वाधीन केलं. इथे एक धोका आहे: आमिनांच्या मृत्युशय्येवरचे लांबलचक संवाद इंटरनेटवर फार फिरतात. ते आजच्या कथनकारांचे आहेत, जुन्या नोंदी या जागी अगदी त्रोटक आहेत. तुम्हीही चार वाक्यांत सांगा आणि थांबा.

मग ५९५ च्या सुमाराचं पैगंबरांचं खदीजांशी लग्न आणि बरकांची मुक्तता. बरकांचं पहिलं लग्न खजरज कबिल्यातल्या उबैद यांच्याशी. मुलगा ऐमन, त्यावरून उम्मे ऐमन, म्हणजे ऐमनची आई. उबैद गेल्यावर जैद, मुलगा उसामा.

८ हिजरी या सालाला पूर्ण तीन मिनिटं द्या. ६२९ च्या सप्टेंबरात जैद मुअताच्या लढाईत पडले. ६३० च्या सुरुवातीला हुनैनच्या लढाईत ऐमन पडले. पाचेक महिन्यांत नवरा आणि थोरला मुलगा. बहुतेक लेखांत या दोन घटना वेगवेगळ्या परिच्छेदांत विखुरतात आणि बाईवर काय कोसळलं ते दिसतच नाही. फळ्यावर दोन तारखा शेजारी लिहा.

कोरा कागद
गारगोटींच्या यादीत एक भर, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. उम्मे ऐमन यांना फक्त सोशीक, डोळे पुसणारी म्हणून रंगवू नका. नोंदींतल्या उम्मे ऐमन खमक्या आहेत.

खजुराच्या झाडांचं बघा. अन्सारांनी (मदिनेतले मदतनीस) मुहाजिरांना (मक्केहून आलेले) झाडं वापरायला दिली होती. पैगंबरांचे तरुण सेवक अनस यांच्या घरची झाडं पैगंबरांनी उम्मे ऐमन यांना दिली. पुढे मिळकत आल्यावर झाडं मूळ मालकांना परत करायची ठरली, अनस मागायला आले, तर यांनी त्यांच्या गळ्यात कापड टाकून बजावलं: मला दिलीत, मी देणार नाही. पैगंबर म्हणतात, सोडा त्याला, बदल्यात एवढी घ्या. या नाही म्हणतात. असं करत दहापट किंवा त्याच्या आसपास मिळाल्यावर सोडलं. स्वतः अनस यांनीच हे सांगितलंय. दुसरीकडे, पैगंबर घरी आले, यांनी पेय पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही (उपास असेल किंवा नको असेल), तर या आवाज चढवून रागावल्या. खाल्लं-प्यायलं नाही म्हणून आईच चिडते. हे दोन प्रसंग लागोपाठ सांगा, मध्ये भाष्य नको.

रंगाचा विषय टाळू नका. जैद गोरे, उसामा काळे, म्हणून उसामांच्या जन्माबद्दल लोक कुजबुजत. बापलेक चादरीखाली झोपलेले, फक्त पावलं बाहेर. मुजज्जिज नावाच्या लक्षणं ओळखणाऱ्यानं पाहून सांगितलं, ही पावलं एकमेकांतूनच आलेली आहेत. पैगंबर आनंदानं उजळलेल्या चेहऱ्यानं पत्नी आइशांकडे गेले. हबशी आईला तेव्हा काय ऐकून घ्यावं लागे, ते या आनंदावरून कळतं.

दर्यावर्दी
प्रश्नोत्तरांत दूधनात्याचा कायदा विचारतील, म्हणून थोडक्यात. कुरआन ४:२३ मध्ये लग्नाला निषिद्ध नात्यांत दूधआई आणि दूधबहीण आहेत. २:२३३ मध्ये पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षं. किती पाजलं की नातं लागतं यावर मतभेद आहे: हनफी आणि शाफई हे कायद्याचे दोन पंथ; हनफींच्या मते मुदतीत एकदा पाजलं तरी पुरे, शाफईंच्या मते वेगवेगळ्या पाच वेळा. कोकणी मुसलमान शाफई आणि दख्खनचे बहुतेक हनफी, त्यामुळे तुमच्याच सभेत दोन उत्तरं ऐकू येतील आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. उम्मे ऐमन यांनी पाजलं नसल्यामुळे हा नियम त्यांना लागतच नाही, हेही सांगा. दूधनात्यानं वारसाहक्क मिळत नाही. लोक इथे हमखास चुकतात.

दुसरी चूक चादरीची. हुनैननंतर कैद्यांत हलीमांची लेक शैमा सापडल्या. लहानपणी पैगंबरांनी पाठीला घेतलेल्या चाव्याचा वण त्यांनी दाखवला, पैगंबरांनी आपली चादर अंथरून त्यांना बसवलं. जिइर्राना इथे एका बाईसाठी चादर अंथरल्याची आणखी एक नोंद आहे, तिथे ती दूधआई असल्याचं म्हटलंय. दोन्ही एकत्र करून ‘हलीमा कैदेत सापडल्या’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

शाईदौत
फार उपयोगी. हिजरतीच्या (मक्केहून मदिनेला स्थलांतराच्या) वाटेवर आकाशातून पाण्याची बादली उतरली, तो प्रसंग घ्यावा का? आणि चित्रांचं?

तळटीप
घ्या, पण इब्न साद काय सांगतात तेवढंच: मुनसरफ इथे संध्याकाळ झाली, रोजा होता, जवळ पाणी नव्हतं, पांढऱ्या दोरीला बांधलेली बादली खाली आली; त्यानंतर त्यांना कधी तहान लागली नाही. ‘परंपरा असं सांगते’ या शब्दांत मांडा. शास्त्रीय खुलासा नको, थट्टाही नको.

व्यक्तिचित्रं अजिबात नकोत. पैगंबरांचं तर नाहीच, लहान मुलाच्या रूपातही नाही, पाठमोरंही नाही. चित्रपटांतली दृश्यं किंवा संगणकानं बनवलेले चेहरेही नकोत. निम्मी सभा त्यातच अडकेल. एकच नकाशा लावा: मक्का, अबवा, मदिना, उहुद, खैबर, हुनैन. उहुदला त्या पाणी पाजायला आणि जखमींची शुश्रूषा करायला होत्या, खैबरलाही गेल्या; नकाशावर बोट ठेवत हे अर्ध्या मिनिटात होतं. नाव ‘उम्मे ऐमन’ असंच लिहा, आपल्याकडे तेच रूढ आहे. पैगंबरांच्या पहिल्या उल्लेखाला (स.), उम्मे ऐमन यांच्या उल्लेखाला (रजि.) ही आदरदर्शक अक्षरं लावा आणि एकेरी बोलू नका.

गारगोटी
उंटिणीच्या पिल्लाचा विनोद मात्र जपून. ‘बसायला उंट द्या’ म्हटल्यावर ‘उंटिणीचं पिल्लू देतो’, ‘ते मला कसं पेलेल?’, ‘उंट हे उंटिणीचं पिल्लूच ना!’ इब्न सादकडे हे उम्मे ऐमन यांच्या नावावर आहे, हदीस-संग्राहक तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्याकडे मागणारा एक पुरुष आहे. सांगायचा तर दोन्ही सांगा.

मृत्यूच्याही दोन नोंदी आहेत: पैगंबरांनंतर पाच-सहा महिन्यांनी, किंवा तिसरे खलिफा उस्मान यांच्या खिलाफतीच्या आरंभी, म्हणजे ६४४ च्या सुमारास. एकच साल ठोकून देऊ नका.

शाईदौत
मग शेवट कुठे करू?

कोरा कागद
पैगंबरांच्या मृत्यूनंतर त्यांचे निकटचे साथीदार अबू बकर आणि उमर उम्मे ऐमन यांना भेटायला जातात तिथे. पैगंबर त्यांना भेटायला जात, तसं आपणही जाऊ, असं अबू बकर म्हणतात. या रडू लागतात. दोघे समजावतात, अल्लाहजवळ पैगंबरांसाठी जे आहे ते अधिक चांगलं आहे. त्या म्हणतात, ते मला ठाऊक नाही म्हणून रडत नाही. आकाशातून येणारी वही थांबली म्हणून रडतेय. मग ते दोघेही रडतात. ‘वही’चा अर्थ (ईश्वरी संदेश) व्याख्यानात आधीच कुठेतरी सांगून ठेवा, नाहीतर ऐन या वाक्यावर श्रोत्यांना लिहायची वही आठवेल.