मदत हवी आहे: बाबांना विस्कॉन्सिनमध्ये टर्कीच्या शिकारीला न्यायचंय

केवड्याचं_बन

नमस्कार मंडळी. इथे एरवी पाककृतींचे आणि व्हिसाचे धागे वाचत असते, स्वतःचा धागा काढायची वेळ आता आली. विषय शिकारीचा आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

मी मॅडिसनजवळ राहते. ऑफिसातल्या एका बाईंमुळे टर्कीच्या शिकारीची गोडी लागली. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, स्वतःची ट्वेंटी गेज शॉटगन आहे, ग्रीनकार्ड आहे. इथे शिकारीची परवानगी विभाग (झोन) आणि ठरावीक दिवस (पिरियड) यांनुसार मिळते. यंदा मला झोन १ मध्ये 'डी' पिरियड मिळालाय, म्हणजे मे महिन्याचा पहिला-दुसरा आठवडा. जागा व्हर्नन काउंटीत, एका ओळखीच्या शेतकऱ्याचं खाजगी रान. माथ्यावर मक्याचं जुनं शेत आणि खाली उतारावर ओकची झाडी.

नेमके त्याच वेळी बाबा इकडे असणार आहेत. वय ७३, कुडाळच्या बाजूचे, एस.टी.तून निवृत्त. लहानपणी आजोबांबरोबर पारधीला जायचे. ठासणीची बंदूक, कुत्रे, हाकारे, निघण्याआधी देवाला गाऱ्हाणं आणि परतल्यावर मटणाचे वाटे, हे सगळं त्यांनी पाहिलंय. १९७२ च्या कायद्यानंतर ते सगळं बंद झालं. मी टर्कीला जाते म्हटल्यावर फोनवर आधी बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "माका न्हेशीत मा?"

आता अडचणी. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. पहाटे उठतात, पण उठल्यावर तासभर खोकला आणि खाकरणं चालू असतं. थंडी अजिबात सोसत नाही, मे महिन्यातही माकडटोपी लागेल. ते टुरिस्ट व्हिसावर येणार आहेत, तर सोबत येण्यासाठी त्यांना परवाना लागतो का? आणि बंदूक जरा वेळ हातात दिली तर चालते का?

सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच आहे. त्यांना नुसतं खुर्चीत बसवून "बाबा, हलू नका" म्हणत राहायचं मला जिवावर येतंय. बॉक्स कॉल (टर्कीच्या मादीचा आवाज काढायची छोटी पेटी) म्हणजे काय ते व्हिडिओवर वाजवून दाखवलं, तर म्हणाले, "मादीचो आवाज काढून नराक फसवूचा, ही खयची पारध गो?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. कुणी आईवडिलांना असं नेलंय का?

सागवान

व्हिसाचं आधी, कारण तिथे चूक परवडणारी नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. टुरिस्टच नव्हे, एच-१बी आणि एफ-१ वाल्यांनाही हे लागू आहे, आणि आपल्यातल्या कित्येकांना ते माहीतच नसतं. याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा असा: त्या व्यक्तीकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर चालतं. म्हणजे बाबांच्या नावावर परवाना नसेल तर "जरा धरा हो, मी कुंपण ओलांडते" एवढंसुद्धा नको. काडतुसांची पिशवीही तुझ्याच खांद्यावर ठेव.

नुसतं सोबत बसायला परवाना लागत नाही. हत्यार हातात नसलं की ते प्रेक्षक.

परवाना काढायचा झाला तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. विस्कॉन्सिनमध्ये हंटर एज्युकेशनची सक्ती १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे, बाबा त्यातून सुटतात. पण नॉन-रेसिडेंटची फी पडेल, टर्कीचा स्टॅम्प वेगळा, शिवाय त्यांच्या नावाने तुझ्याच झोनचं आणि पिरियडचं ऑथरायझेशन, म्हणजे पक्षी मारायची परवानगी, उरलेल्यातून मिळायला हवं.

कॉल वाजवून दुसऱ्याला मदत करण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. तुमच्या काउंटीच्या कन्झर्व्हेशन वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा सरकारी अधिकारी) फोन करून विचार. ही माणसं बोलायला चांगली असतात, फोन केला म्हणून संशय घेत नाहीत.

खेकडा_रस्सा

मी वडिलांना नेलं होतं, मिसूरीत. बंदूक हातात दिली नाही आणि तुलाही तेच सांगेन. कायदा बाजूला ठेव. ज्याने बरीच वर्षं बंदूक खांद्याला लावलेली नाही, त्याला सराव न करता जिवंत पक्ष्यावर नेम धरायला लावणं त्या पक्ष्यावरही अन्याय आहे. टर्कीचा नेम डोक्यावर आणि मानेवर धरतात, अंतर चाळीस यार्डांच्या आत. अंगावर छर्रे मारले तर ती जखमी होऊन झाडीत जाते आणि सापडत नाही.

माकडटोपी कुठल्या रंगाची आहे? हे आधी सांग.

केवड्याचं_बन

@खेकडा_रस्सा, लाल. आईने विणलेली. का?

खेकडा_रस्सा

मला वाटलंच! ती गाडीतच राहू दे. नर टर्कीचं डोकं मोसमात लाल, पांढरं, निळं होतं. झाडीत हे तीन रंग हलले की दुसऱ्या शिकाऱ्याला तिथे नर दिसतो. या शिकारीत होणाऱ्या अपघातांचं मोठं कारण हेच, माणसाला टर्की समजून गोळी झाडणं. खाजगी रान असलं तरी कुंपणापलीकडे कोण बसलंय ते तुला माहीत नसतं. टोपी, मफलर, मोजे, बनियन, सगळं तपास. आणि बाबांच्या खिशातला पांढरा रुमाल! आपल्या वडिलांची पिढी रुमालाशिवाय घराबाहेर पडत नाही आणि शिंक आली की तो फडकवते. खाकी किंवा हिरवा दे.

दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, जागच्या जागी बसून मोठ्याने हाक मारायची. टर्कीचा आवाज काढून तर मुळीच सांगायचं नाही. पक्षी मिळाला की नारिंगी पिशवीत घालून आणायचा. खांद्यावर उघडा टाकून फोटोत छान दिसतो, रानात नाही.

पाऊसवेडी

एक भाबडा प्रश्न. दुकानात टर्की मिळते ना? मग मे महिन्यात, विणीच्या हंगामात पक्षी मारायचा कशाला? मला तरी हे पटत नाही.

सागवान

प्रश्न भाबडा नाही, रास्त आहे. वसंतातल्या मोसमात परवाना दाढीवाल्या पक्ष्याचाच असतो, म्हणजे जवळजवळ नेहमी नराचा. ('दाढी' म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारखा पिसांचा झुपका. क्वचित मादीलाही असतो.) एक नर अनेक माद्यांबरोबर जुळतो, आणि मोसमाच्या तारखा बऱ्याच माद्यांचं जुळून झाल्यावर येतील अशा ठेवलेल्या असतात. त्यामुळे काही नर गेल्याने पुढची पिलावळ अडत नाही.

आणि या राज्यात टर्की आहे तीच मुळी परत आणलेली. जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने ती संपली, शेवटची नोंद १८८१ ची. १९७६ मध्ये मिसूरीतून पक्षी आणून सोडले, त्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी दिले. केवडा, ते पक्षी पहिल्यांदा सोडले ते तुझ्या व्हर्नन काउंटीतच! शिकार पुन्हा सुरू झाली १९८३ ला. अशा कामांना मोठा पैसा बंदुका-काडतुसांवरच्या करातून येतो, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के.

तरीही न पटणं समजू शकतो. माझी बायको अजून ताटाकडे बघून सुस्कारा टाकते आणि मग दोनदा वाढून घेते.

पाऊसवेडी

बरं. पटलं नाही, पण कळलं. काकांना माझ्याकडून नमस्कार.

आडरान

उशिरा लिहितोय. मी तुझ्याच व्हर्नन काउंटीतल्या व्हिरोक्वाच्या आसपास बरीच वर्षं शिकारीला जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहाटे चारला उठायचं भूत डोक्यातून काढून टाक. सगळे तेच करतात, कारण उजाडताना नर झाडावरूनच गॉबल करतो, म्हणजे ओरडतो, आणि ते ऐकणं भारी असतं. पण तो खाली उतरला की आसपासच्या माद्यांमागे जातो, तुझ्या बॉक्स कॉलला विचारत नाही. तुझा पिरियड 'डी' आहे. तोवर बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, चार आठवडे उबवण चालते. सकाळी थोडा वेळ नराबरोबर असलेली मादीही नंतर घरट्याकडे निघून जाते. मग नऊ-दहाच्या सुमाराला तो एकटाच भटकत, ओरडत फिरतो. माझे निम्म्याहून जास्त पक्षी याच वेळेतले आहेत. विस्कॉन्सिनमध्ये सूर्यास्तापर्यंत मुभा आहे. तेव्हा बाबांना नीट चहा-नाश्ता करू दे, खोकला उरकू दे, ऊन पडू दे, मग निघा.

जमिनीवर बसायचा प्रश्नच येत नाही. पॉप-अप ब्लाइंड घे, म्हणजे झटकन उघडणारा छोटा तंबू, आणि आत पाठ असलेल्या दोन खुर्च्या. टर्कीची नजर भयंकर असते, रंगही दिसतात, बुबुळ हललं तरी संशय घेते. पण तंबूच्या अंधारात पाय लांब करता येतात, थर्मास उघडता येतो. आत बसताना गडद कपडे, मागच्या खिडक्या बंद. खोकल्यासाठी खडीसाखर किंवा आलेपाक डबीत सुटा ठेव. चॉकलेटच्या कागदाचा चुरचुर आवाज खोकल्याहून वाईट.

आता तुझा खरा प्रश्न. बाबांना बंदूकही देऊ नकोस आणि नुसतं बसवूही नकोस. त्यांना माग काढायला लाव.

आदल्या दिवशी दुपारी बंदूक घरी ठेवून दोघं त्या रानात जा. पाचोळा कुठे उकरलाय, कुठल्या मऊ मातीत धुळीने अंघोळ केलीय, शेताच्या कडेला पंख घासत नाचल्याच्या रेघा आहेत का, हे त्यांना शोधू दे. नराची विष्ठा लांबट, टोकाला वळलेली, इंग्रजी 'जे' सारखी, मादीची गोल वेटोळी. नराच्या पावलाचं मधलं बोट चांगलं लांब. ज्याने लहानपणी डुकराचा माग पाहिलाय त्याला हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. नंतर तेच तुला दाखवायला लागतील.

मग तिन्हीसांजेला माथ्यावर उभं राहायचं. टर्की झाडावर चढताना पंखांचा मोठा फडफडाट होतो. घुबडाचा आवाज काढला तर नर बरेचदा चिडून झाडावरून ओ देतो. बाबांना हुमणाचा, म्हणजे आपल्याकडच्या घुबडाचा, आवाज काढता येतो का विचार. कुठल्या झाडावर बसलाय ते कळलं की दुसऱ्या दिवशी तंबू कुठे लावायचा ते बाबांनी ठरवायचं, आणि तू ऐकायचंस. पक्षी आला नाही तर दोष त्यांचा, ही गंमतही त्यात आली.

आणि फसवण्याबद्दल. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. निसर्गात मादी जाते नराकडे. नर ओरडून बोलावतो, नाचतो, तिने यावं अशी त्याची अपेक्षा असते. आपण त्याला उलट स्वतःकडे यायला लावत असतो, म्हणून तर तो साठ पावलांवर थांबून हटून बसतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. दहा कुत्रे आणि वीस हाकारे घालून डुकराला घेरणं जास्त सरळ होतं का, असं त्यांना माझ्या वतीने विचार. जरा दबकतच विचार.

पाटलीणबाई

मी डॉक्टर आहे म्हणून एवढंच लिहिते. मे महिन्यात त्या भागात गोचीड फार. हरणावरची बारीक गोचीड लाइम आजार पसरवते, आणि या दिवसांतली तिची पिल्लं खसखशीएवढी असतात. कपड्यांवर, बुटांवर आधीच परमेथ्रिन मारून वाळवा (कातडीवर नाही), पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला डीट लावा. घरी आल्यावर अंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे तपासणी. वडिलांना संकोच वाटेल, जावयाला सांगा.

यात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षणं चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत येतात. तोवर काका कुडाळला परतलेले असतील. पावसाळ्यात तिथे ताप आला की डॉक्टर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो तपासतील आणि ते बरोबरच आहे, पण लाइम कुणाच्या डोक्यात येणार नाही. म्हणून "विस्कॉन्सिनच्या जंगलात गेलो होतो, गोचीड चावलेली असू शकते" हे एका कागदावर लिहून त्यांच्या औषधांच्या डब्यात ठेवा. पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर फोटो काढायला सांगा.

केवड्याचं_बन

सगळ्यांचे मनापासून आभार. आडरान, तुमचं लिखाण बाबांना फोनवर वाचून दाखवलं. हाकाऱ्यांच्या वाक्याला आधी "तो कोण शिकवणारो?" आणि मग बराच वेळ हसले. हुमणाचा आवाज त्यांनी लगेच काढून दाखवला. पलीकडून आई ओरडली, "तिन्हीसांजेचा अभद्र काढू नको!"

ठरलं ते असं: परवाना काढत नाही, बंदूक माझ्याच हातात. आदल्या दिवशी माग काढायला जायचं, ब्लाइंडची जागा ते ठरवणार. कॉल ते वाजवू शकतात का, ते वॉर्डनला सोमवारी विचारते. लाल टोपीऐवजी हिरवी विणायला आईला सांगितलंय, तिने लोकर कुठली ते विचारलंय.

आता शेवटचं. पक्षी मिळालाच तर बाबांना वडे-सागोती हवी आहे. नवरा शाकाहारी, त्यामुळे रांधणार मीच. रानटी टर्की मालवणी मसाल्यात कशी लागते? आजवर मी फक्त छातीचे तुकडे भाजलेत.

खेकडा_रस्सा

झकास लागते, पण छाती आणि तंगड्या वेगळ्या कर. छातीचं मांस कोरडं, ते सागोतीत घातलंस तर चोथा होईल. सागोती तंगड्या आणि मांड्यांची. आयुष्यभर चाललेला पक्षी आहे, तंगडीत काटक्यांसारखे कडक स्नायुबंध असतात. कुकरला घरच्या कोंबडीच्या दुप्पट शिट्ट्या दे, मग मांस हाडावरून सोडवून ते बंध काढून टाक, आणि नंतर वाटणात घाल. पाणी फेकू नकोस, रस्सा त्याचाच. मानेजवळचं मांस बोटांनी चाचपून छर्रे काढ, बाबांचे दात कवळीचे असतील तर दोनदा चाचप.

आणि सागोतीच्या गडबडीत मारलेल्या पक्ष्याची नोंदणी विसरू नकोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, ऑनलाइन होते.

केवड्याचं_बन

कवळीच आहे! नोंदलं. वॉर्डन काय म्हणतात ते इथेच कळवते.