साठ यार्डांवरून बाण सोडला, यात कौतुक कसलं?

रानभुल्या (पेन्सिल्वेनिया):
परवा इथे एकाने फोटो टाकला. शिंगांना आठ टोकं असलेला व्हाइटटेल हरणाचा नर, आणि खाली ओळ: '६२ यार्ड, एकच बाण. सराव असेल तर अंतर हा फक्त आकडा.' त्यावर तीसेक अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, अंतर म्हणजे वेळ. माझं कम्पाउंड (चाकं लावलेलं धनुष्य) सेकंदाला २८० फुटांनी बाण फेकतं. ६० यार्ड म्हणजे १८० फूट, बाण पोचायला साधारण ०.६५ सेकंद. दोरीचा आवाज ०.१६ सेकंदातच हरणाच्या कानात. मधे उरला अर्धा सेकंद. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू खेळायला फलंदाजाला जवळपास तेवढाच वेळ मिळतो, आणि हरीण कुठल्याही फलंदाजापेक्षा चपळ. उसळी घेण्याआधी ते पाय दुमडून खाली बसतं. फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून जातो, नाहीतर वरच्या मांसात रुततो. २० यार्डांवर त्याला ०.१६ सेकंद मिळतात, तेवढ्यात कान हलतो फार तर.

शिवाय अंतर पाच यार्डांनी चुकलं तर विसावर बाण पावणेतीन इंच खाली जातो, साठावर सात इंच. फुप्फुसाची जागाच मुळात आठ-दहा इंचांची. करा हिशेब.

प्रेअरीवाला (कोलोरॅडो):
फोटो माझा आहे. 'एकाने' काय, नाव घ्या की!

तुम्ही झाडावर मचाण बांधून मक्याच्या शेताकडे बघत बसता, तुम्हाला २० यार्ड सोपे. इथे माळावर गुडघाभर झुडूप. प्राँगहॉर्नला (इथला काळविटासारखा प्राणी) अर्ध्या मैलावरून माणूस दिसतो, तो २० यार्डांत येईपर्यंत माझी ग्रीन कार्डाची रांग संपेल. अंतर मोजणारा रेंजफाइंडर आहे, अंतर चुकतं कुठे? मी वर्षभर ८० वर सराव करतो. आपला नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये ५० मीटरवर १५० पैकी १५० मारून विश्वविजेता झाला. ५० मीटर म्हणजे जवळपास ५५ यार्ड, आणि दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं! तेव्हा छाती फुगली होती ना सगळ्यांची? मग आता काय झालं?

रानभुल्या:
ओजसचं टार्गेट कान टवकारत नाही. आणि तुम्ही रेंज घेतल्यावर हरीण चार पावलं चालत नाही का?

सातारी तिखट (न्यू जर्सी):
ओजस नागपूरचा असेल, पण सराव साताऱ्यात केलाय. त्याच स्पर्धेत १७ वर्षांची अदिती स्वामी विश्वविजेती झाली, ती तर आमचीच. तिचं नाव कुणी घेत नाही. विदर्भाच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

प्रेअरीवाला:
आता यात विदर्भ-सातारा?

निव्वळ शाकाहारी (पुणे):
मारायचंच आहे तर वीस काय आणि साठ काय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपण सुधारलो, तुम्ही तिकडे जाऊन उलटे फिरलात. ब्रिटनमध्येसुद्धा धनुष्याने हरीण मारणं बेकायदा आहे. दशरथानेही आवाजावर बाण सोडला होता, पुढचं माहीत आहेच.

सातारी तिखट:
काका, दशरथ रानभुल्यांच्या बाजूने मोजा. न बघता सोडला म्हणूनच श्रावणबाळ गेला. राहता राहिली दया. माझ्या बायकोला दोनदा लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, झालाय. गोचीड हरणांवर पोसते, हरणं आमच्या अंगणात पोसतात. इथे लांडगे उरले नाहीत. हरणं कोण कमी करणार, महापालिका?

खादाड (ओहायो):
मुद्दा सोडून विचारतो. शेजाऱ्याने हरणाचं मटण दिलंय, शिजवताना घरभर उग्र वास. बायको म्हणते फेका. काय करावं?

सातारी तिखट:
चरबी सगळी काढा. बोकडाची ठेवतो तशी ठेवायची नाही, टाळूला मेणासारखी चिकटते. दह्यात रात्रभर, मग कांदा-खोबरं भाजून वाटण.

रानभुल्या:
दही कशाला, आंबट-चिंबट. मीठ-हळद बास.

चुलीवरची (मिशिगन):
दह्याने काही होत नाही. वास चरबीचा असतो तसा मारण्याचाही असतो. पोटात बाण लागला आणि आतली घाण मांसावर सांडली, की तुम्ही गोडा मसाला घाला नाहीतर अत्तर.

हे मला कळलं २०१६ ला. ४७ यार्ड, मी धरला होता फुप्फुसावर. 'थप्' असा ओला आवाज आला. बाण उचलला तर त्याला रक्त कमी आणि हिरवट चिखल जास्त, वास न धुतलेल्या वजडीचा. अशा वेळी लगेच मागे जायचं नसतं, हरीण उठून मैलभर पळतं. रात्रभर थांबले. झोप कसली. सकाळी तीनशे पावलांवर सापडली मादी, पण माझ्याआधी कोयोट (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) पोचले होते. मागची एक तंगडी आणि डोकं, बाकी कातडं. शिकारीच्या परवान्याचा टॅग लावला आणि तिथेच बसून रडले. तेव्हापासून ३० च्या पुढे धनुष्य उचलत नाही. प्रेअरीवाले, तुमचा सराव माझ्यापेक्षा जास्त असेल. माझाही कमी नव्हता.

प्रेअरीवाला:
वाईट झालं. पण तुमच्या एका चुकीवरून सगळ्यांना नियम लावायचा का? ३० वरूनही लोक पोटात मारतात. मचाणावरून हात थरथरत असलेले महाभाग कमी आहेत का? त्यांच्यावर धागा काढा कधी.

रानभुल्या:
काढतो. आधी एक सांगा. फोटोत हरणाची डावी बाजू आहे. बाण उजव्या बाजूने गेला असं तुम्हीच लिहिलंय. कुठे लागला?

प्रेअरीवाला:
खोदून काढणारच ना? चार इंच वर लागला. वाकला तो, तुमच्या अर्ध्या सेकंदात. एका फुप्फुसाचा वरचा कोपरा मिळाला. दोन तास शोधला, दुसरा बाण लागला. म्हणून ती बाजू टाकली नाही. झालं समाधान?

रानभुल्या:
'एकच बाण' लिहिलं होतं.

प्रेअरीवाला:
लिहिलं होतं. काढतो ती ओळ. पण एल्कवर, त्या थोराड हरणावर, मी ५० ला मारणारच. त्याचं फुप्फुस परातीएवढं आणि दोरीला तो असा दचकत नाही. मान्य करा तेवढं.

रानभुल्या:
एल्क मान्य. वारा पडलेला असेल तर. व्हाइटटेल नाही म्हणजे नाही.

खादाड:
शेजाऱ्याला विचारलं. म्हणाला, ५५ यार्ड, 'थोडा मागे लागला.' फेकून देतोय. बोकड आणतो.