मदत हवी आहे: मराठीतून डी अँड डी, पहिला वन-शॉट फसला, दुसरा कसा सावरू?

परळकर
नमस्कार मंडळी. डी अँड डी म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ; वन-शॉट म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट. पाच खेळाडू आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. जागा परळला घरचा हॉल, हाताशी साडेतीन तास. पहिल्या खेपेला दीड तास कॅरेक्टर बनवण्यातच गेला. मग एका बंद दारापाशी वीस मिनिटं गाडी अडली, कारण कुणाचाच फासा लागेना. दार उघडलं तर आत आठ गॉब्लिन (बुटके राक्षस), त्यांनी दुसऱ्या फेरीत सगळ्यांना आडवं केलं. शिवाय एक जण सगळ्यांच्या वतीने बोलतो, दोघं गप्प, आणि जरा घाई झाली की सगळे इंग्रजीत घसरतात. पुढचा खेळ दोन आठवड्यांनी आहे, गोष्ट मुंबईतली हवी. काय बदलू?

विसाचा_फासा
आधी गॉब्लिन, कारण तिथे खेळाडूंची काहीच चूक नव्हती. गॉब्लिनला हल्ल्याला +४ (वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात ४ मिळवायचे) आणि मार १ सहाचा फासा +२, म्हणजे सरासरी साडेपाच. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १४ धरा. फाशावर १० किंवा वर पडलं की लागलं, म्हणजे ५५ टक्के. आठ जणांचे फेरीला सरासरी ४.४ वार लागतात, म्हणजे २४ गुणांचा मार. पहिल्या लेव्हलच्या पाच जणांचे मिळून हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) जेमतेम ५०. दोन फेऱ्यांत खेळ आटोपणारच होता.

लढत किती अवघड ते एक्सपीवरून (शत्रूच्या अनुभव-गुणांवरून) ठरवायच्या तक्त्यानेही तेच निघतं. गॉब्लिनचे ५० एक्सपी, आठांचे ४००, आणि शत्रू सात ते दहा असले की अडीचपट धरायचे, म्हणजे १०००. पहिल्या लेव्हलच्या पाच जणांना ५०० लाच लढत 'डेडली', म्हणजे जीवघेणी होते. तीन गॉब्लिन ठेवा: १५० ची दुप्पट ३००, मध्यम लढत. चार ठेवलेत तर ४००, म्हणजे 'हार्ड'. आणि निम्मे पडले की उरलेल्यांना पळवा. शेवटचा एक जण मारण्यात अर्धा तास जातो आणि त्यात कुणालाच मजा येत नाही.

आता दार. डीसी (काम जमायला गाठायचा आकडा) १५ आणि खेळाडूचा +३, म्हणजे फाशावर १२ लागतात, शक्यता ४५ टक्के. ज्या दारामागे पुढची सगळी गोष्ट आहे त्याला निम्म्याहून कमी शक्यता ठेवली तर गाडी अडणारच. फासा चुकला तरी दार उघडूच द्या, फक्त किंमत वसूल करा: बिजागरी करकरते, आतला पहारेकरी जागा होतो. नापास झाल्यावर काहीच घडणार नसेल तर फासा टाकायला लावूच नका. मोठं गुपित असेल तर ते कळायच्या तीन वाटा ठेवा. एक वाट खेळाडू हमखास चुकवतात, दुसरीचा अर्थ उलटा लावतात, तिसरी लागते.

कॅरेक्टर तुम्हीच सात बनवून न्या, पाच निवडतील. १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे प्रत्येकाच्या ताकद, चपळाई अशा सहा गुणांना वाटून टाका, मॉडिफायर (फाशात मिळवायचे आकडे) अनुक्रमे +२, +२, +१, +१, ०, −१. कागदाच्या मागे त्या पात्राला येणारी तीनच कामं मराठीत लिहा.

गोष्टीसाठी १६८९ ची शिवडी घ्या. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाची फौज तिथे उतरली होती आणि किल्ला त्याआधी नऊच वर्षांपूर्वी बांधलेला. आकडे गॉब्लिनचेच ठेवा, वेष सिद्दीच्या टेहळ्यांचा द्या. गॉब्लिनची निसटून लपायची खुबी टेहळ्यांना चपखल बसते.

सोंगाड्या
बोलण्याबद्दल मी सांगतो. कोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद नट रंगावर उभे करतात. ते जमतं कारण आपलं पात्र कोण आणि त्याला काय हवंय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून कागदावर आकड्यांच्या वर तीन ओळी हव्यात: आज रात्री मला काय हवंय, टेबलावरच्या कुणाचं मी देणं लागतो, आणि बोलताना माझ्या तोंडी सारखं काय येतं. मालवणी, वऱ्हाडी, आगरी, जी बोली घरची असेल ती द्या. घरची बोली तोंडात असली की इंग्रजी आपोआप मागे पडतं. नियमांचे शब्द मात्र भाषांतरित करत बसू नका. 'ॲडव्हान्टेज' म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा हे कळलं की पुरे.

आवाज काढायचा कुणावर दबाव नको. "माझी कोळीण त्याला दम देते" एवढं म्हटलं तरी तो अभिनयच आहे, आणि गप्प माणसं इथूनच सुरुवात करतात.

"आता काय करता?" हा प्रश्न सगळ्यांना मिळून टाकला की मोठ्या आवाजाचाच माणूस उत्तर देतो. नाव घ्या, दोन गोष्टी दाखवा, मग विचारा: "खडक ओला आहे, तटावर कंदील हललाय. कोळीण, तू पुढे आहेस. काय करतेस?" मग थांबा. सात-आठ सेकंद शांतता चालू द्या, मध्ये स्वतः बोलू नका. बोलका खेळाडू मध्ये पडला तर "तुझं पात्र अजून होडीत आहे, पुढची पाळी तुझी" म्हणा. त्याचा उत्साह मारायचा नाही, रांगेत लावायचा.

परळकर
मनापासून आभार. दोन शंका. फाशांचा संच एकच आहे, चालेल? आणि एक जण डोंबिवलीहून, एक वाशीहून येतो. रविवार दुपार बरी ना?

विसाचा_फासा
रविवारी मेगाब्लॉक साधारण अकरा ते चार असतो, आणि मध्य व हार्बर दोन्हीवर असला तर तुमचे दोघंही अडकतील. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेआठ ठेवा. पहिली वीस मिनिटं ओळख आणि नको असलेले विषय ठरवायला, लढत सात वाजता, आठ वाजता गोष्टीचा शेवट सुरू. लढत आधी घेतलीत तर शेवट घाईत उरकावा लागतो.

विसाचे फासे किमान तीन हवेत, नाहीतर हातोहात फिरवण्यात वेळ जातो. बाकीचा एक संच पुरतो. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेला कागद ठेवा. कुणी त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

सोंगाड्या
फासे स्टीलच्या ताटात टाका, खाली जाड नॅपकिन अंथरा. नाहीतर रात्री आठला खालच्या मजल्यावर ठणठण ऐकू जाते. ताटाबाहेर गेलेला फासा मोजायचा नाही, परत टाकायचा. हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा, विसावर पडलेला फासा सोफ्याखाली गेल्यावर नाही.