घरी बांधलेलं विमान घेऊन ऑशकॉशला जायचंय, फिस्कच्या रांगेची तयारी कशी करू?

रिव्हेटवाला:
नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये बांधलेलं आरव्ही-नाइन-ए, म्हणजे किटमधून बांधायचं दोन सीटचं विमान, आता उडतंय. चाचणीचे ठरलेले तास पुरे झाले, लॉगबुकात नोंद झाली, त्यामुळे शेजारच्या सीटवर आता कुणाला बसवता येतं. येत्या जुलैत बायकोला घेऊन अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या एअरव्हेंचरला, म्हणजे विमानांच्या मोठ्या मेळ्याला, उडत जायचं मनात आहे.

अधिकृत सूचना वाचली. कागदावर सगळं कळतं: रिपन गावापासून रेल्वेरुळांवरून फिस्क गावाकडे, 1,800 फूट, 90 नॉट, एकामागे एक, पुढच्यापासून अर्धा मैल. पण माझं सगळं उड्डाण शांत एअरपोर्टवरचं. एअरपोर्टभोवतीच्या सर्किटमध्ये तिसरं विमान आलं तरी मला गर्दी वाटते. आणि रेडिओवर बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, हे काही केल्या पचत नाही. नेमका सराव कशाचा करू? घरी बांधलेल्या विमानासाठी वेगळं काही बघावं लागतं का?

शेपटीचं_चाक:
आधी अभिनंदन. विमान पुरं करणारे थोडे, आणि ते घेऊन ऑशकॉशच्या विटमन एअरपोर्टवर उतरण्यासारखा आनंद मला तरी दुसरा माहीत नाही. ज्यांच्या नावाचा तो एअरपोर्ट आहे ते स्टीव्ह विटमन स्वतः विमानं बांधून शर्यतीत उडवायचे. तिथे तुमचं विमान पाहुणं नाही. मी माझं दोन सीटचं विमान घेऊन त्या रांगेतून गेलोय, तेव्हा जे सांगतो ते मनापासून.

रेडिओची काळजी सोडा. कंट्रोलर फिस्कजवळच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन उभे असतात. ते तुमचा नंबर विचारत नाहीत, रंग आणि आकार सांगतात: 'पांढरं लो-विंग (खाली पंख असलेलं), पंख हलवा'. तुम्ही पंख हलवायचे, की झालं. मग कुठली धावपट्टी आणि टॉवरची कुठली फ्रीक्वेन्सी ऐकायची ते सांगतात. शेकडो वैमानिक एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलू लागले तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणून ही पद्धत. एक मात्र करा, आपलं विमान खालून कसं दिसतं ते बघून ठेवा. वरून लाल आणि पोटाला पांढरं असेल तर हाक कदाचित पांढऱ्या विमानाला येईल.

खरा सराव वेगाचा. इथेच घरी बांधलेल्या विमानाचा प्रश्न येतो, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. कारखान्यातल्या विमानाचा एअरस्पीड कुणीतरी तपासलेला असतो. तुमच्या विमानात स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक, तुम्ही बसवलंय. त्याचं डोकं पत्र्याच्या किती वर आलंय, यावरही काट्याचा आकडा बदलतो. समजा काटा 90 दाखवतोय आणि खरा वेग 96 आहे. पुढचा बरोबर 90 ने चाललाय. म्हणजे 6 नॉटने तुम्ही त्याच्यावर चढताय, अर्धा मैल पाच मिनिटांत संपतो, आणि रिपन ते फिस्क जायला त्याहून जास्त वेळ लागतो. तुमची काहीच हयगय नसताना फिस्कच्या आत तुम्ही त्याच्या शेपटीवर असाल. तेव्हा एका स्थिर हवेच्या सकाळी काट्यावर 90 धरून चारही दिशांना उडा, जीपीएसच्या वेगाची सरासरी काढा, उंची आणि तापमानाचा हिशेब घाला, आणि जो फरक येईल तो पॅनेलवर चिकटवून ठेवा. स्टॅटिक चुकलं असेल तर अल्टिमीटरही (उंचीचा काटा) थोडा चुकतो, तोही त्याच निमित्ताने बघून घ्या.

मग 90 वर नुसतं उडत राहा. तुमचं विमान गुळगुळीत आहे, नाक जरा खाली गेलं की लगेच पळतं. कुठल्या आरपीएमला ते 1,800 फुटांवर आपणहून 90 धरतं ते शोधा, बायकोच्या वजनासकट आणि प्रवासाच्या सामानासकट. फ्लॅपची (पंखामागच्या झडपांची) वेगमर्यादा 90 च्या वर आहे की खाली ते आत्ताच बघा, रांगेत शोधत बसू नका. काट्याकडे न बघता, आवाजावरून आणि नाकाच्या जागेवरून 90 कळायला लागलं, की डोळे बाहेर ठेवता येतात. त्या पट्ट्यात डोळे बाहेर असणं हेच सगळ्यात मोठं काम.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात आणि तुम्हाला सांगतात, 'हिरव्यावर टेका'. मागच्याला त्याच वेळी अलीकडच्या ठिपक्यावर उतरवतात, त्यामुळे अलीकडे टेकणं चालत नाही. मुख्य धावपट्टी सुमारे 8,000 फूट आहे, जागा भरपूर आहे. पण आपल्याला टोकाजवळ टेकायची सवय असते. घरच्या धावपट्टीवर मधली एखादी खूण धरून उतरायचा सराव करा, आणि शेजारी बसलेल्याला ऐन फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, खूण बदलायला सांगा.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. वळण चुकलं, धावपट्टीच्या पलीकडे गेलात, तर ते ओढूनताणून साधू नका. सरळ उड्डाणात 50 नॉटला स्टॉल होणारं (पंखांची उचल सुटणारं) विमान उंची राखत 45 अंशांच्या वळणात 60 ला स्टॉल होतं आणि 60 अंशांत 71 ला. कंट्रोलर 'वळा, वळा' म्हणत असला तरी विमान तुमच्या हातात आहे. 'जमणार नाही' हे तिथे पूर्ण मान्य असलेलं उत्तर आहे. वर जा, ते तुम्हाला पुन्हा जागा करून देतात.

रुळावरून:
वरचं सगळं अगदी बरोबर. वेळेबद्दल माझं थोडं. मेळा सोमवारी सुरू होतो, म्हणून आधीच्या शनिवार-रविवारी सगळं जग येतं. 2018 साली नेमकी त्याच वेळी हवा बिघडली, ती मोकळी झाल्यावर अडकलेली सगळी विमानं एकदम निघाली आणि वाटेतल्या तळ्यांभोवती घिरट्या घालत थांबणाऱ्यांची रीघ लागली. त्यानंतर पश्चिमेकडून रांगेत शिरायच्या जागा वाढवल्या गेल्या. म्हणून जुनी प्रत वापरू नका, सूचना दर वर्षी नवी निघते. दुपारी एअर शो चालू असताना उतरणं बंद असतं. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे निघा. रांग विरळ असते, हवाही थंड.

रिव्हेटवाला:
मनापासून आभार. वेगाच्या काट्याचं डोक्यातच आलं नव्हतं. माझं स्टॅटिक पोर्ट पत्र्याशी अगदी सपाट बसवलंय, म्हणजे ते तपासायलाच हवं. दोन शंका. रांगेतच पुढचा 75 ने चालला असेल तर काय करायचं? आणि बायकोला काय काम द्यावं? ती उत्साही आहे, पण वैमानिक नाही.

शेपटीचं_चाक:
पुढचा हळू असेल तर मागे राहायला नागमोडी उडू नका आणि त्याला ओलांडूही नका. 75 वर तुमचं विमान निवांत, ताब्यात राहत असेल तर तेवढा वेग करा. नसेल तर बाजूला व्हा, रिपनला परत जा आणि रांगेत पुन्हा शिरा. त्यात कमीपणा काही नाही, तिथे रोज कितीतरी जण हेच करतात. पण यासाठी टाकीत इंधन हवं. ऑशकॉशला पोचण्यापुरतं इंधन मी पुरेसं धरतच नाही. रिपनच्या बऱ्याच आधी कुठेतरी उतरून टाकी भरून घ्या. तासभर घिरट्या घालून मग जवळच्या फॉन डु लॅक किंवा ॲपलटनच्या एअरपोर्टला जाता येईल इतकं इंधन असलं, की परत फिरायचा निर्णय घेताना मन कचरत नाही.

वहिनींना विमानं शोधायला बसवा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगायची सवय आधीच्या प्रवासात लावा: 'दोन वाजता, आपल्याहून खाली, जवळ येतंय.' रिपनच्या आधीपासून थांबेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही, फोटोही नाहीत. वरच्या 2,300 फुटांवरून 135 नॉटवाली वेगवान विमानं जात असतात, तीही त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर डोक्यावरून गेल्यावर दचकतील.

पाचर_आणि_दोर:
उतरल्यावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून. टेकल्यावर धावपट्टीवर रेंगाळू नका, जमिनीवर खुणा करणारे हात करतील तिकडे गवतात उतरा. आरव्हीचं पुढचं चाक नाजूक, तेव्हा स्टिक पूर्ण मागे आणि वेग माणसाच्या चालीचा. काचेला पाटी आधीच लावून ठेवा: नुसतं उभं करायचं असेल तर एच-बी-पी, विमानाशेजारी तंबू ठोकायचा असेल तर एच-बी-सी. इंग्रजी अक्षरं, पानभर मोठी, जाड काळ्या मार्करने. बांधायचे खुंटे आणि दोर स्वतःचे न्या, जुलैतली वादळं तिथे अचानक येतात. खुंटे लांब घ्या आणि तिरपे ठोका, आणि तंबू ठोकायच्या आधी विमान बांधा.